पाच मिनिटांनी विचारते

१

दर मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आरती मानसिक आजारांवर काम करणाऱ्या संस्थेतर्फे राजुरीला भिमाजीबाबांच्या अंगणात स्कूटर लावायची. चार वर्षांत त्यात फारसा खंड पडला नव्हता. बाबांची सून श्रेया गोठ्यातून हात पुसत बाहेर यायची, खुर्ची मांडायची आणि म्हणायची, "बसा ताई, नानांचं आत्ताच चहापाणी झालंय." मग आरती पिशवीतून फॉर्म काढायची आणि बाबांसमोर बसायची.

भिमाजीबाबांना एके काळी कानात आवाज ऐकू यायचे. गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज थांबले, त्यालाही आता बारा वर्षं झाली होती. गावाच्या लेखी माणूस बरा झाला. पण आवाज जाताना बरंच काही सोबत घेऊन गेले होते. डाळिंबाच्या छाटणीला ज्याला आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं, तो माणूस आता मोटार चालू करायचा आणि बंद करायची विसरायचा. बंद करायला पाठवलं तर वाटेत बांधावर उभा राहायचा, आपण कशाला निघालो होतो ते आठवत. शर्टाची तीन बटणं लावून झाली की चौथ्यापाशी हात थांबायचा. लोक म्हणायचे, सोंग करतोय. घरच्यांना समजावून सांगणं हेच आरतीचं निम्मं काम होतं. हे सोंग नाही, हाही आजारच आहे, फक्त मुका आहे. लपवू नका. कोंडू नका. पाहुणे आले की मागच्या खोलीत बसवू नका. अवसरीपासून निमगाव सावापर्यंत किती घरांत तिनं हे सांगितलं असेल, त्याची गणती नव्हती.

तपासणी साधी होती. पाच शब्द सांगायचे, दोनदा म्हणून घ्यायचे. मग पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं आणि पुन्हा विचारायचं.

"बाबा, नीट ऐका. खिडकी, ऊस, चप्पल, नदी, निळा. पाच मिनिटांनी विचारते हं."

"इचार की," बाबा म्हणाले.

चार वर्षांत त्यांना एकापेक्षा जास्त शब्द कधी आठवला नव्हता. बहुतेक वेळा एकही नाही. आरतीनं झोपेचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं. पौष लागला होता, उन्हात बसूनही बोटं गारठत होती. घड्याळात पाच मिनिटं झाली तशी ती म्हणाली, "सांगा बघू आता. मघाशी कुठले शब्द सांगितले होते?"

बाबांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. करंगळी हळूच मिटली आणि ती अंगठ्यानं दाबून धरली.

"आरसा," ते म्हणाले.

"आरसा नव्हता बाबा त्यात. अजून आठवा."

बाबा मिटलेल्या करंगळीकडे बघत राहिले, जणू ती सुटून जाईल अशी काळजी लागली होती. आरतीनं फॉर्मवर शून्य लिहिलं. चुकीचा शब्द येणं यात नवल काहीच नव्हतं. रिकाम्या जागी डोकं हाताला लागेल ते ठेवून देतं, हे तिला शिकवलेलंच होतं.

२

गुरुवार मंचरचा. बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानावर सज्जनबाईंचं घर होतं. जिना चढला की धुपाचा आणि नव्या कापडाचा वास एकदमच यायचा. सज्जनबाईंना उदासीनं वीस वर्षं धरलं होतं. मधल्या काळात रडणं थांबलं, जेवण सुरू झालं, पण ज्या बाईनं चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकला होता, तिला आता आमटीला फोडणी आधी की डाळ आधी, याचा उलगडा होत नव्हता. रोजची माळ जपतानाही मणी मध्येच थांबायचा. सून हर्षा शेजारी बसून हळूच पुढचा मणी बोटाखाली सरकवायची. चांगली पोर होती.

"मॅडम, आज मम्मीजी फ्रेश आहेत," हर्षा म्हणाली.

शब्द झाले. पाच मिनिटं गेली. आरतीनं विचारलं.

सज्जनबाईंनी बांगड्या मागं सारल्या, हात मांडीवर उताणा ठेवला, करंगळी मिटली आणि अंगठ्यानं दाबली.

"आरसा."

आरतीचं पेन कागदावर टेकलं होतं ते तिथंच राहिलं. शाईचा ठिपका पसरला.

"हर्षा, यांच्याशी आरशाचं काही बोलला होतात का तुम्ही? टीव्हीवर वगैरे?"

"नाही मॅडम. का?"

"काही नाही."

खाली उतरताना तिनं मनाशी हिशेब मांडला. भिमाजीबाबा आणि सज्जनबाई एकमेकांना ओळखत नाहीत. पण संस्थेच्या महिन्याच्या तपासणी शिबिराला दोघंही येतात आणि एकाच बाकावर बसतात. तिथं कुणीतरी काही बोललं असेल. करंगळीपासून मोजायची सवय तर निम्म्या तालुक्याला असेल. तिला हे पटलं. म्हणजे तिनं ते पटवून घेतलं.

पुढच्या मंगळवारी तिनं मुद्दाम यादी बदलली. बाबांनी करंगळी मिटली, मग तिच्या शेजारचं बोट मिटलं.

"आरसा. चिंच."

आणि गुरुवारी मंचरला, धुपाच्या वासात, सज्जनबाई म्हणाल्या, "आरसा. चिंच."

या वेळी आरतीला शिबिराचा बाक आठवला नाही. पुढचा शब्द तिच्याच जिभेवर आला होता आणि तो तिला म्हणायचा नव्हता. तिनं फॉर्म अर्धवट सोडला, पाणीसुद्धा न पिता ती उठली. निरोप घेताना सज्जनबाईंचा हात हातात घेतला तर तो तव्यासारखा तापला होता.

"ताप आहे का यांना?"

हर्षानं कपाळाला हात लावला. "अरे देवा. सकाळी तर काही नव्हतं."

३

तिसऱ्या मंगळवारी तिनं ठरवूनच टाकलं होतं, आज शब्द सांगायचेच नाहीत. फक्त गोळ्या विचारायच्या आणि निघायचं.

राजुरीत त्या दिवशी इतकी थंडी होती की श्रेयानं गाईंच्या अंगावर बारदानं टाकली होती. बाबा मात्र सदरा काढून बसले होते. ओठ सुकून फुटले होते. अंगावर घामाचा एक थेंब नव्हता, कातडी कोरडी आणि लालसर दिसत होती.

"कालपास्नं असंच चाललंय ताई," श्रेया म्हणाली. "म्हनत्यात उकडतंय. पाणी दिलं तर तांब्या हातात धरून बसत्यात, पीत न्हाईत. म्हनत्यात, आधी इचारू दे, मग पितो."

"कोण विचारणार आहे?"

"त्ये काय सांगत न्हाईत."

आरती खुर्चीत बसली. पिशवीला हात लावला नाही. तोंड उघडलं नाही. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांची नजर नेहमीसारखी भरकटलेली नव्हती. शाळेत उत्तर येत असलेलं पोर मास्तराकडे बघतं, तशी होती.

त्यांनी हात उताणा ठेवला. एक बोट. दोन बोटं. तीन.

"आरसा. चिंच. घोडा."

"बाबा, मी काही विचारलं नाही आज."

बाबा पुढं वाकले. चार वर्षं ते तिला "बाई" म्हणत आले होते, "तुमी" म्हणत आले होते. आता त्यांचा आवाज बदलला नाही, तोच खरखरीत म्हातारा आवाज होता. फक्त त्यातला मान गेला होता आणि त्या जागी माया आली होती.

"येतीस ना?" ते म्हणाले. "आरते, येतीस ना परत?"

आरती उठली. खुर्ची मागं पडली ती तिनं उचलली नाही. स्कूटर सुरू व्हायला तीन वेळा बटण दाबावं लागलं. आळेफाट्यापर्यंत ती कशी आली हे तिला नंतर आठवेना. "आरते" म्हणून हाक मारणारं या जगात एकच माणूस होतं.

४

अमृत तिचा भाऊ, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बारावीनंतर त्याला आजार जडला. दोन वर्षं भयंकर गेली, मग औषधांनी तो शांत झाला. भांडण नाही, आरडाओरड नाही. पण धार काढायला बसला की दूध बादलीत पडतंय की बाहेर याचं भान नसायचं. दुकानातून साखर आणायला पाठवला तर पिशवी घेऊन परत यायचा, रिकामी. आबा, म्हणजे वडील, चिडायचे. अमृत हसायचा आणि म्हणायचा, "डोकं गळतंय ओ आबा माजं." आरतीचं सगळं तो ऐकायचा. बस म्हटलं की बसायचा.

ती पुण्याला मानसशास्त्र शिकत होती. प्रॅक्टिकलच्या वहीत एका रुग्णाची तपासणी लिहून द्यायची होती. एप्रिल संपत आला होता, ती सुट्टीला अवसरीला आली होती, आणि त्याच दिवशी तिला बघायला पाहुणे यायचे होते.

सकाळी आबा म्हणाले, "ह्याचं काय करायचं?"

घरामागं कांद्याची बराख होती. लांबट चाळ, बाजूंना हवा खेळायला फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वर पत्रा. कांदा निम्म्यात भरला होता, निम्मी रिकामी होती. आबांनी फटींतून दिसू नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. अमृतला आत न्यायचं काम आरतीचं होतं, कारण दुसऱ्या कुणाचं त्यानं ऐकलं नसतं.

तिनं त्याला आत बसवलं. तिला वाटलं, एका दगडात दोन कामं होतायत, वहीचंही आणि आबांचंही.

"दादा, परीक्षा घेते तुझी. हे पाच शब्द लक्षात ठेव. पाच मिनिटांनी येते, मग विचारते. तोपर्यंत हलायचं नाही."

तो करंगळीपासून एकेक बोट मिटत शब्द म्हणाला. पाचही बोटं मिटली तेव्हा मूठ तिच्यासमोर धरून हसला. "येतीस ना?"

"आले," ती म्हणाली.

पाहुणे साडेबाराला आले. जेवणं झाली, पोहे झाले, चहा दोनदा झाला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा नाही का तुम्हाला?" आबा म्हणाले, "एक होता. गेला." दुपारी दोन वाजता ते खोटं होतं. सहा वाजेपर्यंत खरं झालं.

आरती त्या वेळी साडीत, पाटावर, मान खाली घालून बसली होती. तिला आठवण होती का? हा प्रश्न तिनं नऊ वर्षं स्वतःला विचारला नव्हता. होती. दर पाच मिनिटांनी होती. पण उठून गेली असती तर पाहुण्यांनी विचारलं असतं, कुठं चाललीस.

गावात झटका आला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सगळं उरकलं. पाहुण्यांना कळवलं की भावकीत कुणी वारलं, साखरपुडा महिनाभर पुढं ढकलू. गावाला सगळं माहीत होतं. पण कुणाच्या पोरीचं जमलेलं मोडायला गाव पुढं येत नाही.

आणि वही द्यायची होतीच. तिनं ती पुण्याला जाताना एसटीत पूर्ण केली. वय एकोणतीस. पाच शब्द. आठवलेले शब्द: शून्य. सरांनी लाल शाईनं "उत्तम निरीक्षण" असा शेरा दिला होता.

ती वही कपाटाच्या माळ्यावर होती. त्या मंगळवारी घरी आल्यावर तिनं ती खाली काढली. नवरा भगवंत ठिबकच्या दुकानात गेला होता, घरात कुणी नव्हतं. पान उघडलं. तिच्याच अक्षरात, एकाखाली एक.

आरसा. चिंच. घोडा. पितळ. शिट्टी.

५

पुढच्या आठवड्यात ती राजुरीला गेली नाही, मंचरलाही नाही. अंग दुखतंय असं संस्थेला कळवलं. आपण विचारायला गेलोच नाही तर उत्तरं येणार नाहीत, असा तिचा साधा हिशेब होता.

गुरुवारी अकराला हर्षाचा फोन आला.

"मॅडम, मम्मीजींना ॲडमिट केलंय. ताप एकशेपाचच्या वर गेलाय. डॉक्टर म्हणतात असा ताप उन्हात राबणाऱ्या माणसाला मे महिन्यात येतो. म्हणाले, डोक्याच्या काही गोळ्यांनी घाम येणं कमी होतं, पण त्यालासुद्धा ऊन लागतं ना? घरात हीटर पण नाही आमच्या."

"बोलतायत का त्या?"

"सारखं बोटं मिटतायत. सकाळपासून चार शब्द म्हणतायत. आरसा, चिंच, घोडा, पितळ. मग थांबतात आणि दाराकडे बघतात." हर्षाचा आवाज भरून आला. "मॅडम, हे तुमच्या फॉर्ममधले शब्द आहेत का? तुम्ही एकदा येऊन विचारून जाल का? त्यांना वाटतंय कुणीतरी विचारायला येणार आहे."

आरतीनं येते म्हणून फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. दहा मिनिटांनी श्रेयाचा फोन आला. तो तिनं उचलला नाही. कशाचा आहे ते तिला कळलं होतं.

चार शब्द झाले होते. पाचवा झाला की काय होणार हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अमृतनं मूठ किती वेळ मिटलेली ठेवली असेल, आणि ती कधी सुटली असेल, हे तिनं आजवर मनात येऊ दिलं नव्हतं. आता ते दोन परक्या म्हाताऱ्या जिवांच्या हातांत तिला दिसत होतं.

तिनं शहाण्या माणसासारखा विचार करून पाहिला. कुठंतरी, कधीतरी नकळत तिनंच जुनी यादी वाचून दाखवली असेल. दोघांनी ती धरली असेल. पण ज्यांना तासापूर्वीचं जेवण आठवत नाही, ते यादी धरतील कशी? आणि ताप? ताप तर यादीत नव्हता.

भगवंत जेवायला आला तेव्हा ती चप्पल घालत होती.

"कुठं निघालीस? तोंड बघ कसं झालंय."

"अवसरीला. आईला बघून येते."

"स्कूटरवर नको. तुझं लक्ष ठिकाणावर नाही. मी सोडतो," तो म्हणाला, आणि गाडीची चावी घेतली. तिला नको म्हणायला कारण सापडलं नाही.

६

अवसरीच्या घरात आता आई एकटीच राहायची. आबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, रान वाट्यानं दिलं होतं. जावई आलेला बघून प्रयागबाईंची धांदल उडाली. भगवंतला ओट्यावर खुर्ची दिली, पाणी दिलं, चुलीवर चहा ठेवला. आरती स्वयंपाकघरात आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"आई, दादा गेला त्या दिवशी बराखीचं दार कुणी उघडलं?"

प्रयागबाई चहात साखर टाकत होत्या. चमचा थांबला.

"आज कसं काय काढलंस?"

"कुणी उघडलं?"

"मी." त्यांनी चमचा बाजूला ठेवला. मग चुलीकडे बघतच म्हणाल्या, "चार वाजलं व्हतं. म्हनलं पोराला पाणी तरी द्यावं. दार उघडलं तर आत भट्टी झालेली. त्यो बसला व्हता. तू बसवलास तितंच. जित्ता व्हता गं."

आरतीनं भिंत धरली.

"डोळं फिरत व्हतं, पर बोटं अशी मिटून धरलेली. मला म्हनला, आई, आरतीला बोलव. मला समदे येत्यात."

"मग मला का नाही बोलावलं?"

"तू पाव्हण्यांम्होरं बसली व्हतीस. मी पाणी आनाया घरात आले तर तुजा बा दारात आडवा. म्हनला, आता न्हाई. मानसं उठाया लागल्यात, दहा मिन्टं थांब. मी थांबले." चहा उतू चालला होता, त्यांनी तो उतरवला नाही. "पाव्हणं मग कुठं उठलं? पत्रिका काढून बसलं. मी पुन्हा गेले तवा सहा वाजलं व्हतं. मूठ उघडत न्हवती त्याची."

"नऊ वर्षं मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तुजं लगीन न्हाई जमलं?" प्रयागबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. "तू तरी कुटं इचारलंस?"

बाहेरून भगवंतचा आवाज आला, "आई, साखर कमी हं मला."

"हो, आणते," प्रयागबाई म्हणाल्या, आणि कपात चहा गाळला. हात जरासुद्धा हलला नाही.

७

बराख तशीच होती. कांदा भरणं बंद झालं होतं, पण आई ती मोडू देत नव्हती. ताडपत्री केव्हाच गेली होती. पट्ट्यांच्या फटींतून आरपार पलीकडचं गव्हाचं शेत दिसायला हवं होतं. दिसत नव्हतं. आत अंधार होता, भर दुपारी.

आरती दारापाशी पोचली. पाच पावलं आधी थंडी संपली. चुलीसमोर बसल्यावर लागते तशी धग तोंडावर आली, आणि तिच्यासोबत जुन्या कांद्याच्या पातीचा आणि तापल्या पत्र्याचा वास. हे आपल्या मनाचे खेळ आहेत, असं ती स्वतःला म्हणाली. ज्या आवाजात ती श्रेयाला, हर्षाला समजावायची त्याच आवाजात. कडी काढली. दार हातभर उघडलं. त्यापुढं तिचा हात गेला नाही.

आत कोपऱ्यात उघड्या दारातून उन्हाची बारीक तिरीप पडली होती. त्या तिरिपेत एक मांडी दिसली. मांडीवर उताणा ठेवलेला हात. त्याच्या वरचं काही दिसत नव्हतं, आणि तिनं बघितलंही नाही.

"दादा," ती म्हणाली. "आले मी. सांग."

आधी काही झालं नाही. पत्रा तापताना वाजतो तसा कुठंतरी कट्ट आवाज झाला. मग करंगळी हलली.

"आरसा."

हळू, अगदी हळू. एकेका शब्दासाठी फार लांब जाऊन यावं लागत असल्यासारखा.

"चिंच... घोडा..."

आरती ओठांनी त्याच्यासोबत म्हणत होती. तिला ते कळत नव्हतं.

"पितळ."

अंगठा उरला होता. तो किती वेळ तसाच राहिला कुणास ठाऊक. मग तोही मिटला.

"शिट्टी."

"बरोबर," ती म्हणाली. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं ते तेच, रोजचं, कामावरचं. "पाचही बरोबर. शाब्बास."

पिशवीतला फोन थरथरला. हर्षाचा मेसेज होता. *मॅडम, ताप एकदम उतरला. पाणी प्यायल्या. झोपल्यात.* त्याखालीच श्रेयाचा होता. नानांनी तांब्याभर पाणी घेतलं, सदरा मागितला. आरतीनं डोळे मिटले. संपलं होतं. त्याला फक्त उत्तर द्यायचं होतं. एवढंच हवं होतं त्याला. आता दार पूर्ण उघडायचं, आणि म्हणायचं, झाली परीक्षा दादा, ऊठ, चल घरात.

तिनं दाराला हात घातला. तेवढ्यात आतून तो बोलला. दबक्या आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये एवढी काळजी घेऊन.

"आरते, पावणं गेलं का?"

तिचा हात तिथंच राहिला. पाहुण्यांचं त्याला त्या दिवशी कुणी काही सांगितलं नव्हतं. परीक्षा आहे, एवढंच सांगितलं होतं.

तिनं मागं वळून बघितलं. परसाच्या पलीकडे, ओट्याच्या टोकाशी भगवंत उभा होता. हातात चहाचा कप. नऊ वर्षांपूर्वी याच ओट्यावर, याच खुर्चीत तो बसला होता, आणि त्याला सांगितलं होतं, एक मुलगा होता, गेला. नऊ वर्षांत त्यानं त्यावर एक प्रश्न विचारला नव्हता. भला माणूस होता.

"आरती!" त्यानं हाक मारली. "कुणाशी बोलतीयेस तिकडं?"

तो पायऱ्या उतरून इकडे यायला निघाला. चार पावलं, पाच पावलं. तिच्याकडे बघत, थोडा हसत.

आरती फटीजवळ वाकली. तोंड पट्टीला लावलं.

"न्हाई, दादा," ती कुजबुजली. "बस अजून थोडं. हलू नकोस."

आतून काही आलं नाही. तो तिचं सगळं ऐकायचा.

तिनं दार ओढलं. कडी हाताला चटका देत होती. तिनं ओढणीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं आणि ती घट्ट लावून घेतली.